मुंग्या येणारा हात आणि ‘करंटची तपासणी’

प्रश्न : माझं वय ५३, राहायला कोथरूडला. पंधरा वर्षांपासून घरगुती पोळी-भाजीचा व्यवसाय आहे, रोज दीड-दोनशे पोळ्या लाटते. सहा महिने झाले, उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. रात्री त्यानं जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. आता डाव्या हातालाही सुरू झालंय. ११ वर्षांपासून मधुमेह आहे. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. मानेचा एमआरआय काढला, त्यात ‘डिस्क बल्ज’ आलं. आता न्यूरॉलॉजिस्टनी दोन्ही हातांची एनसीव्ही आणि ईएमजी लिहून दिली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, त्यात करंट देतात आणि वर सुयाही टोचतात. गोळी बंद करायची का? उपाशीपोटी जायचं का? हातातल्या पाटल्या निघत नाहीत, त्यांचं काय? एमआरआय झाल्यावर हे कशाला? आणि एवढं करून रिपोर्ट नॉर्मल आला तर घरचे म्हणणार, तुला काही झालेलंच नाही.

उत्तर :

ताई, काकू खोटं बोललेल्या नाहीत, पण त्यांनी दोन तपासण्यांची खिचडी केली आहे. करंट देतात तेव्हा सुई नसते आणि सुई टोचतात तेव्हा करंट नसतो. पहिली एनसीव्ही : कातडीवर चिकटपट्ट्या लावून नसेतून संदेश किती वेगानं आणि किती जोमानं जातो ते मोजतात. दुसरी ईएमजी : बारीक सुई स्नायूत घालून त्याची स्वतःची विद्युत हालचाल ऐकतात आणि पाहतात. त्या सुईतून शरीरात काहीही जात नाही, औषध नाही आणि वीजही नाही. ती मायक्रोफोनसारखी नुसती ऐकते.

आपल्या भाषेनंही इथे थोडा घोळ घातला आहे. ‘नस’ आपण रक्तवाहिनीलाही म्हणतो आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे पुष्कळ जण ‘नसांची तपासणी’ म्हणजे रक्तपुरवठ्याची तपासणी समजून डॉपलर काढून येतात. अपॉइंटमेंट घेताना चिठ्ठीवर लिहिलेली अक्षरंच वाचून दाखवा : एनसीव्ही, ईएमजी, दोन्ही हात. खर्च विचारताना दोन गोष्टी स्पष्ट करून घ्या, दर एका हाताचा सांगताय की दोन्हींचा, आणि त्यात सुईची तपासणी धरली आहे की नाही. फोनवर ऐकलेला आकडा आणि हातात पडलेलं बिल यांत फरक पडतो तो बहुधा इथेच.

एमआरआय झाल्यावर हे कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. एमआरआय रचना दाखवतो. पन्नाशीनंतर मानेत एखादी चकती थोडी पुढे आलेली दिसणं फार सामान्य आहे, काहीही त्रास नसलेल्या माणसांतही ती दिसते. ती तुमच्या मुंग्यांचं कारण आहे की नुसती तिथे बसलेली आहे, हे चित्र सांगू शकत नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला दोन जागा जबाबदार असू शकतात. एक मानेतून निघणारं नसेचं मूळ, दुसरी मनगटातला अरुंद बोगदा. त्या बोगद्यातून मीडियन नावाची नस बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्यांसोबत दाटीवाटीनं जाते. तिथे ती दबली की त्याला कार्पल टनेल म्हणतात. रात्री जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं ही त्याची नेहमीची खूण. मधुमेहात ते जास्त आढळतं आणि रोज दीड-दोनशे पोळ्या लाटणारं मनगटही त्याला पोषकच. मात्र मधुमेहामुळे सगळ्याच नसा थोड्याथोड्या मंदावलेल्या असू शकतात, ही तिसरी शक्यता. या तिन्ही वेगळ्या करायच्या म्हणून ही तपासणी.

वेगळ्या कशा करतात ते समजून घ्या, म्हणजे टेबलावर काय चाललंय ते कळेल. खेड शिवापूरहून पुण्याला येणारी गाडी कात्रजच्या बोगद्याशी अडकली, तर एकूण वेळ वाढतो, पण रस्ता सगळा खराब नसतो. कुठे अडकली ते कळायला टप्प्याटप्प्यानं वेळ लावावा लागतो. इथेही तेच करतात. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो त्यावर चिकटपट्टी लावतात, आधी मनगटापाशी आणि मग कोपराच्या आतल्या बाजूला छोटा झटका देतात. अंगठ्याचा स्नायू दोन्ही वेळा उडतो आणि पडद्यावर त्याची लहर उमटते. समजा मनगटापासून ३.६ मिलिसेकंद लागले आणि कोपरापासून ७.६. टेपनं मोजलेलं मधलं अंतर २२ सेंटीमीटर. म्हणजे २२० मिलिमीटर ४ मिलिसेकंदांत, वेग झाला सेकंदाला ५५ मीटर. हातात ५० च्या वर वेग चांगला समजतात, पायात ४० च्या वर. कार्पल टनेलमध्ये कोपर ते मनगट हा वेग बहुधा ठीक असतो आणि मनगटापासून पुढच्या टप्प्याचाच वेळ लांबतो. बोगद्यापर्यंतचा रस्ता मोकळा, कोंडी बोगद्यात. याच कारणानं तंत्रज्ञ पुन्हापुन्हा टेप लावतात आणि पेनानं खुणा करतात. त्यांना कंटाळू नका, सेंटीमीटरभर चूक झाली तरी वेगाचा आकडा बदलतो.

मधुमेहाची गुंतागुंत सोडवायला एक फार सुरेख युक्ती आहे. अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना मीडियन नस नेते आणि करंगळीकडच्या अर्ध्याची अल्नर नस. अल्नर बोगद्यातून जात नाही. दोघींना मनगटापाशी, सारख्याच म्हणजे १४ सेंटीमीटर अंतरावरून, आळीपाळीनं झटका देतात आणि अनामिकेवर संदेश कधी पोचतो ते पाहतात. मधुमेहानं दोघी मंदावल्या असतील तर दोघींना उशीर होईल. एकटी मीडियन अर्ध्या मिलिसेकंदानंही मागे राहिली तर दोष मनगटात. एकाच बोटावर, एकाच हातात तुलना होते, त्यामुळे वय, उंची, थंडी सगळं आपोआप कटतं. तुम्हाला मधुमेह असल्यानं डॉक्टर कदाचित पायाचीही एखादी नस पाहतील, घोट्याच्या बाहेरच्या बाजूची. चिठ्ठीवर हात लिहिलेला असताना पाय का, म्हणून दचकू नका. तेवढ्यासाठी सलवार किंवा सैल पायजमा घालून गेलात तर सोपं पडतं.

आता थंडी. तयारीच्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यांत महत्त्वाची आणि रुग्णाला सहसा कुणी न सांगितलेली. गार हातात नस मंद चालते. कातडीचं तापमान एका अंशानं उतरलं की वेग साधारण २ मीटर प्रतिसेकंदानं घटतो आणि बोटापर्यंतचा वेळ सुमारे ०.२ मिलिसेकंदानं वाढतो. तपासणीसाठी हात किमान ३२ अंश आणि पाय ३० अंश हवा. जानेवारीच्या सकाळी कोथरूडहून डेक्कनपर्यंत स्कूटरवर, उघड्या हातांनी आलेल्या माणसाचा हात २८ वर असणं काही अवघड नाही. म्हणजे निव्वळ पुण्याच्या हवेनं सेकंदाला आठ मीटर गेले! धडधाकट माणसाच्या कागदावरही मग ‘नसा मंद’ असं उमटू शकतं. तेव्हा या दिवसांत दुपारची वेळ मागा. रिक्षानं या, नाहीतर हातमोजे घाला. पोचल्यावर हात गार वाटत असतील तर तपासणीआधीच तसं सांगा. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात ठेवले की काम होतं. फक्त बोटं बधिर असल्यानं पाणी किती गरम आहे ते तुम्हाला नीट कळणार नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला हात घालून बघू द्या. रिपोर्टवर तापमान नोंदवलंय का, तेही पाहा. नोंद नसेल, सगळेच वेग सारखे कमी असतील आणि लहरींची उंची मात्र छान असेल, तर आधी थंडीवर संशय घ्यावा. गार नसेत लहर मंद येते, पण लहान होत नाही, उलट थोडी मोठीच दिसते.

बाकी तयारी साधी. उपाशी मुळीच जाऊ नका. नाश्ता किंवा जेवण करून, मधुमेहाची गोळी नेहमीच्या वेळी घेऊन जा. पाऊण ते दीड तास मोडतो आणि तेवढ्यात साखर उतरली तर घाम फुटेल आणि चिकटपट्ट्या सुटतील. सकाळी साबणानं हात कोपराच्या वरपर्यंत धुवा. त्यानंतर खोबरेल तेल, क्रीम, दुखण्यावरचा मलम काही लावू नका. तेलाचा थर वीज अडवतो, मग झटका उगाच वाढवावा लागतो. सकाळच्या पोळ्या करून निघणार असाल तर कणकेचा आणि तुपाचा हात नीट धुवा. संक्रांतीची मेंदी काढली असेल तर चालते. ब्लाउज सैल बाह्यांचा किंवा छोट्या बाह्यांचा घाला, दंडाचे आणि खांद्याचे स्नायूही पाहायचे असतात.

पाटल्यांचं म्हणाल तर त्या मनगटाच्या नेमक्या त्याच चार बोटं जागेत येतात जिथे झटका द्यायचा असतो. वर कोपराकडे सरकत असतील तर सरकवून रुमालानं बांधल्या तरी निभतं. अजिबात हलत नसतील तर आदल्या दिवशी फोन करून सांगा, ते जागा जुळवून घेऊ शकतात का ते आधीच कळेल. अंगठ्या मात्र घरीच काढा, बोटांवर धातूची कडी चढवतात. काढलेलं सोनं घरी ठेवून या. तपासणीच्या खोलीत उशीखाली राहिलेल्या अंगठीचा शोध हा प्रकार टाळलेला बरा.

झटका कसा लागतो? दाराच्या कडेवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिण जाते, तिचं लहान भावंड. प्रत्येक झटका सेकंदाच्या दहाहजाराव्या एक-दोन भागांइतकाच टिकतो. सुरुवात अगदी हलकी असते, मग हळूहळू वाढवतात. लहर मोठी व्हायची थांबली की त्याच्यावर आणखी वीसेक टक्के वाढवून एक शेवटचा देतात. तो न देता मध्येच थांबलं तर नसेतले काही धागे जागेच होत नाहीत आणि लहर खोटी लहान दिसते. म्हणून ‘बास, आता नको’ म्हणायचा मोह त्या टोकाच्या क्षणी आवरा, त्याआधी किंवा नंतर विश्रांती मागा. कोपरापाशी मनगटापेक्षा जरा जास्त जाणवतं. एक टप्पा असा येतो की एकाच ठिकाणी ओळीनं दहाएक झटके टकटक देतात. त्याला एफ-वेव्ह म्हणतात, त्यात संदेश उलटा पाठीच्या कण्यापर्यंत जाऊन परत येतो. तुमच्या हाताला काही बिघडलंय म्हणून वाढवत आहेत असं समजू नका.

बोटांवरच्या लहरी स्नायूच्या लहरींपेक्षा शेकडो पटींनी लहान, मायक्रोव्होल्टमध्ये असतात. हात ताठ धरला, बोलत राहिलात किंवा मोबाइल मांडीवर ठेवला तर त्या गोंगाटात बुडतात आणि तोच झटका पुन्हापुन्हा घ्यावा लागतो. हात मेल्यासारखा सोडून द्या. पेसमेकर असलेल्या वाचकांनाही ही तपासणी सहसा करता येते, पण अपॉइंटमेंट घेतानाच सांगायला हवं. ज्यांच्या काखेतल्या गाठी शस्त्रक्रियेत काढल्या आहेत आणि हाताला सूज येते त्यांनीही, कारण त्या हाताला सुई शक्यतो टाळतात.

सुईबद्दल. ती रक्त घेण्याच्या सुईपेक्षा बारीक, एकदाच वापरायची, बंद पाकिटातली असते. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. पट्ट्यांचा भाग तंत्रज्ञानं केला तरी चालतो, पण सुईची तपासणी डॉक्टरांनी स्वतः करायला हवी, कारण पुढचा स्नायू कोणता घ्यायचा हे आधीच्यात काय ऐकू आलं त्यावर ठरतं. तुमच्या बाबतीत साधारण पाच-सहा स्नायू होतील. अंगठ्याचा स्नायू मीडियन नसेवर चालतो. दंडाच्या मागचा स्नायू तुमच्या संशयित मानेच्या मुळावरच चालतो, पण मीडियन नसेवर नाही. एकटा अंगठाच बिघडलेला असेल तर दोष मनगटात. दंडाचा मागचा स्नायू आणि कोपराखालच्या हाताचा वरचा भागही बिघडला असेल तर मान बघावी लागेल. दोन्ही असणंही शक्य आहे. मानेच्या बाबतीत सुई जास्त उपयोगी, कारण मुळाशी दाब असला तरी बोटांच्या संवेदनेची लहर नॉर्मलच येते. संवेदनेच्या पेशी मुळाबाहेरच्या गाठीत असतात आणि दाब त्यांच्या आधीच्या, कण्याकडच्या बाजूला पडतो.

सुई शिरताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग स्नायूत एक दडपण जाणवतं. आधी हात सैल सोडायला सांगतात. निरोगी स्नायू तेव्हा गप्प असतो. नंतर हळू दाबा, मग जोरात. तुम्ही दाबलं की स्पीकरमधून खडखडाट येतो आणि तो आलाच पाहिजे. चिंतेची खूण आहे ती स्नायू सैल असताना येणाऱ्या, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तशा टपटप आवाजाची. तिचा अर्थही डॉक्टरांनी लावायचा. सुई एखाद्या जागी अचानक फारच झोंबली, शंख कानाला लावल्यासारखा सूं आवाज येऊ लागला, तर ती नस स्नायूत शिरते त्या जागेवर टेकलेली असते. ताबडतोब सांगा. दोन-तीन मिलिमीटर सरकवली की कळ जाते. सोसत बसण्यात काही शौर्य नाही. अंगठ्याच्या उंचवट्याचा स्नायू सगळ्यांत जास्त दुखतो, तो शेवटी घ्या अशी विनंती करायला हरकत नाही.

रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनानं एकही दिवस बंद करू नका. अनियमित ठोक्यांत ती मेंदूत गुठळी जाऊ नये म्हणून असते. दंडावरचा एक निळा डाग टाळायला पक्षाघाताचा धोका घ्यायचा, हा हिशेब उलटा झाला. या सुईनं मोठा रक्तस्राव होणं क्वचितच घडतं. गोळीचं पाकीट सोबत न्या. ती वॉरफरिन किंवा असिनोकुमॅरॉल असेल तर अलीकडचा आयएनआरचा (रक्त किती पातळ आहे याचा) रिपोर्टही न्या. डॉक्टर बारीक सुई वापरतील, प्रत्येक जागा जरा जास्त वेळ दाबून धरतील आणि मानेमागचे खोल स्नायू कदाचित सोडून देतील. हे सगळं टेबलावर झोपल्यावर सांगण्यापेक्षा फोनवरच सांगितलेलं चांगलं.

घरी एकट्या जाऊ शकाल, गुंगी वगैरे काही येत नाही. टोचलेल्या जागा एक-दोन दिवस ठणकतील, कापडात गुंडाळलेला बर्फ पुरेसा. त्या संध्याकाळची ऑर्डर मात्र कमी घ्या. जागा सुजत चालली, लाल आणि गरम झाली तर कळवा.

रिपोर्टवर सगळ्यांचं लक्ष वेगाकडे जातं. त्याहून मोलाचा आकडा लहरीच्या उंचीचा, अॅम्प्लिट्यूडचा. वेळ लांबली पण उंची टिकून आहे, तर नसेवरचं आवरण दबलंय, आतले धागे शाबूत आहेत. तिथे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, कामात बदल, गरज पडली तर इंजेक्शन, एवढ्यावर पुष्कळदा भागतं. उंची घसरली असेल, अंगठ्याचा उंचवटा सपाट दिसू लागला असेल, हातातून वाटी निसटत असेल, तर धागे मरू लागलेत आणि शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. पट्टा डॉक्टरांनी सांगितला तर तो मनगट मागे वाकवणारा नको, सरळ ठेवणारा घ्या.

आणि नॉर्मल आला तर? ही तपासणी फक्त जाड, वेगवान धाग्यांची असते. आग होणं, चटका जाणवणं हे काम बारीक धाग्यांचं, आणि ते या यंत्राला दिसतच नाहीत. मधुमेहात तळपायांची आग होत असूनही एनसीव्ही निर्दोष येते ती यामुळे. कार्पल टनेलमध्येही सुरुवातीला नस फक्त रात्री, मनगट मुडपलेलं असताना दबते आणि दुपारी टेबलावर व्यवस्थित चालते. अशा वेळी सोनोग्राफीत मनगटापाशी नस सुजलेली दिसते का ते पाहता येतं. घरच्यांना सांगायचं तर एवढंच सांगा, की नॉर्मल म्हणजे मोठे धागे अजून शाबूत आहेत. उलटही ध्यानात ठेवा : मधुमेही माणसाच्या कागदावर काहीच त्रास नसलेल्या हातातही थोडा उशीर सापडतो. डाव्या हाताचा आकडा उजव्यापेक्षा वाईट आला म्हणून डाव्याचं आधी ऑपरेशन, असं होत नसतं.

तपासणीला जाताना मानेच्या एमआरआयची फाइल न्या आणि आदल्या दोन-तीन रात्री नेमकी कोणती बोटं बधिर झाली ते कागदावर हाताचं चित्र काढून रंगवून ठेवा. करंगळी त्यात येते की नाही, हे डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदा विचारतील.